पाचर

उपग्रह म्हणतो, गिंटर कुलिकची परसबाग
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चार मिलिमीटर वर आली.

वर?
शिलेशियात काही वर येत नाही.
दीडशे वर्षं खालून कोळसा काढलाय इथे,
आणि रस्ता, शाळा, ट्रामचे रूळ
दमलेल्या माणसासारखे सावकाश खाली बसतायत.
वर येतं ते फक्त पाणी, तेही नको तिथे.

म्हणून मी आलेय. लेव्हल, तिपाई, इन्व्हारची पट्टी,
आणि पट्टी धरायला दोब्रोखना, जिला थंडीत बोलायला आवडत नाही.
खाणीच्या हद्दीबाहेर चुनखडीत ठोकलेल्या खिळ्यापासून
एकदा मागे बघत, एकदा पुढे बघत
आम्ही अकरा किलोमीटर चालत आलो. दोन दिवस.
तो खिळा तरी जागचा हलला नसेल कशावरून,
असं दोब्रोखनानं पहिल्याच दिवशी विचारलं.
बरोबर विचारलं.
पण कुठेतरी पाय टेकल्याशिवाय मोजता येत नाही.

हिशेब असा: कुलिकच्या भिंतीतली खूण
वर्षात एकोणीस मिलिमीटर खाली.
आणि भिंतीपासून सात पावलांवर, त्याच अंगणात,
आमचाच परावर्तक चार वर:
ॲल्युमिनियमचे तीन पत्रे कोपऱ्यात जुळवलेले,
आभाळाकडे आ वासून.

गिंटर बाहेर आला. उजव्या बाजूनं बोला म्हणाला,
डावा कान खाणीतच राहिला.
एकतीस वर्षं बोगद्याच्या छताला टेकू द्यायचं काम.
"बर्फ मीच झाडतो यातला. दर सहाव्या दिवशी,
पहाटे, तुमची बाई वरून जायच्या आधी."
उपग्रहाला तो बाई म्हणतो.
"मार्चात जरा कललं होतं. मला कललेला खांब बघवत नाही.
ओळंबा लावला, पायांखाली पाचर मारली.
आता बघा कसं ताठ उभं आहे."

पाचर म्हणजे कौलाचे तुकडे, एकावर एक.
मी कॅलिपर लावला. एकेचाळीस.

रडार तिरपं बघतं;
उभे एकेचाळीस तिच्या नजरेत बत्तीस.
आणि तिची लाट अशी, की अठ्ठावीस झाले
की काटा फिरून शून्यावर येतो,
किती वेढे झाले ते ती लक्षात ठेवत नाही.
बत्तीसातून एक वेढा गिळला. उरले चार.

म्हणजे बाई खोटं बोलली नव्हती.
तिला जेवढं सांगता येतं तेवढंच तिनं सांगितलं.
मीच उभी राहिले पाचरेकडे बघत,
आणि मराठीत नव्हे, पोलिशमध्येही नव्हे,
कुठल्याच भाषेत मला रागावता येईना.

आत त्यानं सूप वाढलं.
ताटलीच्या कडेला निळी फुलं, बायकोच्या पसंतीची.
खिडकीकडच्या बाजूला सूप फुलाच्या देठाला लागलं होतं,
दाराकडे फुलापासून चांगलं बोटभर दूर.
"नाताळात पाकळीपर्यंत नव्हतं आलं," तो म्हणाला,
"आता पाकळी ओली होते."
दोब्रोखनानं चमचा खाली ठेवला.
दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि वहीत
ताटलीचा व्यास लिहून घेतला.

रात्री अहवाल भरला.
बिंदू सतरा: मार्चनंतरच्या नोंदी वगळाव्यात.
पडताळणी: जमीन खचते आहे, लेव्हलचं वाचन ग्राह्य.
"त्रुटीचं कारण" या रकान्यात बराच वेळ काही सुचलं नाही,
मग लिहिलं: देखभाल.

निघताना त्यानं फाटकाशी थांबवलं.
"मग आता झाडू की नको?"
झाडा, म्हटलं. फक्त सरळ करू नका.
"आणि पुन्हा कललं तर?"
कलू द्या.
तो काही बोलला नाही. त्याच्या हातात
खराटा होता, आणि खराट्याच्या दांड्यानं
तो फाटकाचा खांब हलतोय का
ते चाचपून बघत होता.